वाटाण्याचा वेल, दुधी काच आणि लाइव्ह व्ह्यू : टाइमलॅप्स छायाचित्रणातील फोकसचा इतिहास

प्रस्तावना

या पाठात आपण टाइमलॅप्स छायाचित्रणाचा इतिहास एका ठरावीक प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत. प्रश्न असा : ज्या दृश्याचे चित्रण अनेक तास, अनेक दिवस किंवा महिने चालणार आहे, त्याचा फोकस छायाचित्रकाराने कधी आणि कसा ठरवायचा? आज तुमच्या कॅमेऱ्यात 'लाइव्ह व्ह्यू' नावाची सोय असते. मागच्या पडद्यावर दृश्य दिसते, ते मोठे करून पाहता येते आणि फोकस नेमका लावता येतो. ही सोय 2005 च्या सुमारास डिजिटल रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत आली असली तरी तिच्यामागची गरज आणि तत्त्व फार जुने आहे.

हा इतिहास समजून घेण्याचा आणखी एक उपयोग आहे. भारतीय चित्रपटाच्या आरंभाशी जोडलेली एक प्रसिद्ध हकीकत आहे, दादासाहेब फाळके यांनी चित्रित केलेल्या वाटाण्याच्या रोपाची. ती जशी सांगितली जाते तशी खरी असू शकते का, हे टाइमलॅप्सचे साधे गणित माहीत असले तर आपल्याला तपासता येते. इतिहासाच्या अभ्यासात तंत्राचे ज्ञान कसे कामी येते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

टाइमलॅप्स म्हणजे काय?

चलच्चित्र म्हणजे वेगाने एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. मूकपटांच्या काळात साधारणपणे सेकंदाला 16 फ्रेम धरल्या जात. घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग सारखा असेल तर हालचाल नैसर्गिक दिसते. घेताना मात्र दर मिनिटाला एकच फ्रेम घेतली आणि दाखवताना सेकंदाला 16 दाखवल्या, तर 16 मिनिटांत घडलेली गोष्ट एका सेकंदात दिसते. कळी उमलणे, ढग सरकणे, इमारत उभी राहणे अशा डोळ्यांना न जाणवणाऱ्या हालचाली त्यामुळे दिसू लागतात.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये कॅमेरा जरासुद्धा हलता कामा नये, नाहीतर पडद्यावर चित्र थरथरते. दुसरी अडचण फोकसची आहे. नेहमीच्या छायाचित्रणात चूक झाली तर लगेच दुसरे छायाचित्र घेता येते. टाइमलॅप्समध्ये पहिल्या फ्रेमला झालेली चूक शेवटच्या फ्रेमपर्यंत तशीच चालत राहते. महिनाभराचे काम संपल्यावर चित्र अस्पष्ट आहे असे कळले तर महिना वाया गेलेला असतो. शिवाय आज पेरलेले बी उद्या कोठून वर येईल आणि वेल कोणत्या बाजूला झुकेल, हे आधी ठाऊक नसते. म्हणजे फोकस आता असलेल्या वस्तूवर नव्हे, पुढे येणाऱ्या वस्तूच्या जागेवर लावायचा असतो.

दुधी काचेचा काळ

1839 मध्ये डागेरोटाइप जाहीर झाल्यापासून पुढची कित्येक दशके छायाचित्रकार फोकस लावण्यासाठी दुधी काच वापरत असे. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला घासून अर्धपारदर्शक केलेली काच बसवलेली असे. भिंगातून आलेली प्रतिमा तिच्यावर उलटी पडे. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन ती प्रतिमा पाही, भात्याची लांबी कमीजास्त करून ती स्पष्ट करी आणि मग काच बाजूला सारून तिच्या जागी प्रकाशसंवेदी पट्टी लावी.

या पद्धतीतील दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुधी काचेचा पृष्ठभाग आणि पट्टीचा पृष्ठभाग भिंगापासून नेमके सारख्या अंतरावर असले पाहिजेत. त्यात थोडाही फरक पडला तर काचेवर स्पष्ट दिसलेले चित्र पट्टीवर अस्पष्ट येते. दुसरे म्हणजे, पट्टी लावली की पाहणे बंद होते. चित्र पाहायचे की चित्र घ्यायचे, यांपैकी एका वेळी एकच करता येत असे.

चलच्चित्रांचे कॅमेरे आल्यावर यावर एक वेगळा मार्ग निघाला. त्या वेळची फिल्म अर्धपारदर्शक होती. त्यामुळे अनेक कॅमेऱ्यांत मागच्या बाजूने एका नळीतून थेट फिल्मवर पडलेली प्रतिमाच पाहता येई. फिल्म हीच जणू दुधी काच झाली. पाहण्याचा पृष्ठभाग आणि चित्र घेण्याचा पृष्ठभाग एकच असल्याने अंतराची चूक होण्याची शक्यता उरली नाही. मात्र नळीतून बाहेरचा प्रकाश आत गेला तर फिल्म खराब होई, म्हणून हे काम जपून करावे लागे. पुढे फिल्मच्या पाठीवर प्रकाशाचे परावर्तन रोखणारा गडद लेप येऊ लागला आणि ही सोय संपली.

पहिले टाइमलॅप्स

या तंत्राचा शास्त्रीय वापर करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक म्हणजे जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर. 1898 ते 1900 या काळात त्यांनी वनस्पतींच्या हालचालींचे चित्रण केले आणि ते अध्यापनासाठी वापरले.

1901 मध्ये न्यूयॉर्क येथे बायोग्राफ कंपनीने स्टार थिएटर ही नाट्यगृहाची इमारत पाडली जात असताना तिचे चित्रण केले. कंपनीच्या माहितीनुसार दिवसाचे आठ तास, दर चार मिनिटांनी एक फ्रेम घेतली जात होती आणि त्यासाठी विजेवर चालणारे खास यंत्र बनवले होते. हिशेब केला तर दिवसाला 120 फ्रेम होतात. हा आकडा आपल्याला पुढे लागणार आहे. येथे फोकसचा प्रश्न सोपा होता. इमारत रस्त्यापलीकडे होती, स्थिर होती आणि दूरच्या वस्तूसाठी एकदा लावलेला फोकस अखेरपर्यंत चालत होता.

1910 मध्ये लंडनमध्ये पर्सी स्मिथ यांनी चार्ल्स अर्बन यांच्यासाठी 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' हा लघुपट केला. त्यात वेगवेगळी फुले उमलताना दिसतात. फूल कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असते, आणि जवळच्या वस्तूसाठी स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो. कळी उमलताना पाकळ्या पुढे येतात, म्हणजेच त्या पट्ट्याच्या बाहेर जाऊ पाहतात. इमारतीपेक्षा फुलाचे टाइमलॅप्स अवघड का, याचे कारण येथे आहे.

याच काळात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडत होते. त्यांच्या क्रेस्कोग्राफ या यंत्रात तरफांच्या साहाय्याने रोपाची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर नोंदवली जाई. टाइमलॅप्स काळ आकसून वाढ दाखवते, तर क्रेस्कोग्राफ लांबी वाढवून. वनस्पतींचे मंद जीवन माणसाच्या डोळ्यांना दिसावे, ही ओढ दोन्हींमागे सारखीच होती.

फाळके आणि वाटाण्याचा वेल

आता फाळके यांच्याकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मग ब्लॉक बनवण्याचा आणि छपाईचा उद्योग असा त्यांचा प्रवास होता. तिरंगी छपाईसाठी एकाच चित्राची तीन वेगवेगळी छायाचित्रे घ्यावी लागतात आणि ती एकमेकांवर तंतोतंत बसावी लागतात. म्हणजे स्थिर कॅमेरा आणि अचूक फोकस यांची शिस्त चित्रपटाकडे वळण्याआधीच त्यांच्या हाताला लागलेली होती. टाइमलॅप्सला हीच शिस्त लागते.

मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांनी भारतीय विषयांवर चित्रपट काढायचे ठरवले. अतिश्रमाने आणि डोळ्यांवरील ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती आणि उपचारांनंतर, चष्म्यांच्या मदतीने ती परत आली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. विमा पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे करून 1912 च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांची आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांची त्यांनी भेट घेतली, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि ते परतले.

चित्रपट काढण्यासाठी भांडवल हवे होते. कर्ज देणाऱ्यांना या माध्यमाची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि बीजापासून वेलापर्यंतची वाढ चित्रित केली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट त्यांनी निवडक लोकांना दाखवला. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या परिचितांनी त्यानंतर पैसे देण्याची तयारी दाखवली. पुढे 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सांभाळली, आपले दागिनेही दिले. त्यामुळे वाटाण्याच्या त्या चित्रणाकडे केवळ एक गंमत म्हणून पाहता येत नाही. एका कुटुंबाने आपले सर्वस्व पणाला लावले होते आणि सावकाराला दाखवायचा पुरावा म्हणजे ही छोटी फिल्म होती.

हकीकत तपासून पाहू

आता ही हकीकत सांगण्याची रूढ पद्धत पाहा. फाळके यांनी महिनाभराहून अधिक काळ 'रोज एक फ्रेम' घेतली आणि सुमारे एक मिनिटाचा लघुपट तयार केला, असे लिहिले जाते. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. पण वही-पेन्सिल घेऊन तुम्ही हे विधान स्वतः तपासू शकता.

रोज एक फ्रेम, 30 दिवस : एकूण 30 फ्रेम. सेकंदाला 16 फ्रेम या वेगाने त्या जेमतेम दोन सेकंदांत संपतात. एक मिनिटाच्या चित्रणाला 60 गुणिले 16, म्हणजे 960 फ्रेम लागतात. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात, म्हणजे साधारण 60 फूट फिल्म. महिनाभरात 960 फ्रेम घ्यायच्या तर रोज 32 फ्रेम घ्याव्या लागतील. स्टार थिएटरच्या 120 फ्रेमशी तुलना केली तर हा आकडा हाताने काम करणाऱ्या एकट्या माणसाच्या आवाक्यातला वाटतो. 12 तासांच्या उजेडात 32 फ्रेम म्हणजे दर 22 ते 23 मिनिटांनी एक.

तेव्हा 'रोज एक फ्रेम' आणि 'एक मिनिट' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. शक्यता तीन उरतात. एक, लघुपट काही सेकंदांचाच होता. दोन, दिवसभर ठरावीक अंतराने अनेक फ्रेम घेतल्या गेल्या आणि 'रोज एक' ही पुढे रूढ झालेली सोपी मांडणी आहे. तीन, दिवसातून एकदाच, पण कॅमेऱ्याचा दांडा काही वेळा फिरवून अनेक फ्रेम सलग घेतल्या गेल्या. त्या काळच्या कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्याला सहसा आठ फ्रेम जात. चार फेऱ्यांत 32 फ्रेम होतात. अशा फिल्ममध्ये रोप दोन सेकंद स्थिर दिसेल आणि मग एकदम उडी मारून मोठे होईल.

आणखी एक मतभेद लक्षात घ्या. काही लेखनात हे चित्रण लंडनला जाण्यापूर्वीचे, तर काही ठिकाणी परतल्यानंतरचे मानले जाते. हा फरक किरकोळ नाही. आधीचे असेल तर ते विल्यमसन कॅमेऱ्यावर झालेले नाही, आणि मिळालेले पैसे लंडनच्या प्रवासासाठी होते. नंतरचे असेल तर ते 'राजा हरिश्चंद्र'साठी होते.

यातून फाळके यांची कामगिरी लहान होत नाही. उलट ती नीट दिसते. रोज कॅमेऱ्याजवळ जायचे, त्याला धक्का लागू द्यायचा नाही, उजेड बदलला तरी एक्स्पोजर सांभाळायचे आणि ज्या वेलाने अजून डोके वर काढलेले नाही त्याच्यासाठी फोकस आधीच लावून ठेवायचा, तोही नुकत्याच सावरलेल्या डोळ्यांनी. असे काम ज्याने पुरे केले, त्याच्या हाती पैसे देण्यात धोका कमी आहे, हे सावकाराला पटले असेल तर नवल नाही. सुटसुटीत दंतकथेपेक्षा आकड्यांतून दिसणारे हे कष्ट अधिक विश्वसनीय आहेत.

आरशापासून लाइव्ह व्ह्यूपर्यंत

फिल्ममधून पाहण्याची सोय गेल्यावर तिची जागा आरशाने घेतली. 1937 मध्ये आलेल्या आरीफ्लेक्स 35 या चित्रपट कॅमेऱ्यात फिरत्या शटरवरच आरसा होता. शटर बंद असताना भिंगातून येणारा प्रकाश आरशावरून डोळ्यांकडे वळे. स्थिर छायाचित्रणातही एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेरे रूढ झाले. छायाचित्रकाराला आता सरळ प्रतिमा दिसू लागली. मात्र दुधी काचेची जुनी अडचण परत आली. आरशामार्फत जेथे प्रतिमा पडते तो पडदा आणि फिल्म, हे दोन वेगळे पृष्ठभाग होते.

1985 मध्ये मिनोल्टा 7000 या कॅमेऱ्याने शरीरातच बसवलेला ऑटोफोकस लोकप्रिय केला. नेहमीच्या कामात तो वरदान ठरला. टाइमलॅप्समध्ये मात्र त्याचा उपद्रव होतो. कॅमेरा प्रत्येक फ्रेमपूर्वी फोकस नव्याने शोधतो. कधी तो पानावर थांबतो, कधी मागच्या भिंतीवर, आणि पडद्यावर चित्र श्वास घेतल्यासारखे आतबाहेर होते.

डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाशसंवेदक आल्यावर जुने तत्त्व नव्या रूपात परतले. 2005 मध्ये कॅननने आकाशनिरीक्षकांसाठी काढलेल्या ईओएस 20 डीए या कॅमेऱ्यात आरसा वर उचलून संवेदकावरची प्रतिमा फोकससाठी पाहण्याची मर्यादित सोय होती. 2006 मध्ये ऑलिंपस ई-330 या भिंगे बदलता येणाऱ्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात पूर्ण लाइव्ह व्ह्यू आला. 2007 मध्ये कॅनन 40 डी, निकॉन डी 3 आणि डी 300 यांनी तो रुळवला. पुढे आरसाच नसलेले कॅमेरे आले आणि लाइव्ह व्ह्यू हीच पाहण्याची मुख्य रीत झाली. जो पृष्ठभाग चित्र घेणार, त्याच्यावरचीच प्रतिमा आपण पाहतो. फिल्ममधून पाहणाऱ्या जुन्या कॅमेरामनला हेच साधले होते. फरक इतकाच की आता प्रतिमा दहापट मोठी करता येते आणि पाहिल्याने काही खराब होत नाही.

प्रत्यक्ष करून पाहा

तुम्ही स्वतः वाटाण्याचे टाइमलॅप्स करणार असाल तर पुढील क्रम पाळा.

1. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवा. कुंडीत, वेल जेथे चढेल अशी तुमची अपेक्षा आहे तेथे एक काडी रोवा. फोकस या काडीवर लावायचा आहे.
2. लाइव्ह व्ह्यू सुरू करा, काडीचा भाग जास्तीत जास्त मोठा करून पाहा आणि हाताने फोकस लावा. फोकस लावताना छिद्र मोठे ठेवा, म्हणजे चूक लगेच दिसते.
3. ऑटोफोकस बंद करा. भिंगाच्या कड्यावर चिकटपट्टी लावली तर धक्का लागला तरी कडे फिरत नाही.
4. आता छिद्र लहान करा. पूर्ण आकाराच्या संवेदकावर 50 मिलिमीटरचे भिंग अर्ध्या मीटरवर फोकस केले असेल तर एफ 4 ला साधारण 2 सेंटिमीटर, तर एफ 16 ला साधारण 9 सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. वाढणाऱ्या वेलाला हा मोठा पट्टा लागतो.
5. एक्स्पोजर आणि रंगसंतुलनही हाताने ठरवून ठेवा. खिडकीच्या उजेडापेक्षा एकच कायमचा दिवा बरा.
6. काम सुरू झाल्यावर लाइव्ह व्ह्यू बंद करा. तो चालू राहिला तर बॅटरी लवकर संपते आणि संवेदक तापतो.

रात्रीच्या आकाशाचे चित्रण करताना, उदाहरणार्थ लडाखमधील हान्लेसारख्या अंधाऱ्या ठिकाणी, भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून पाहा आणि त्याचा ठिपका सर्वांत लहान दिसेल तेथे फोकस थांबवा. थंडी वाढली की फोकस किंचित सरकू शकतो, म्हणून मध्येच एकदा तपासा.

समारोप

दुधी काच, फिल्म, आरसा आणि संवेदक हे पाहण्याचे चार टप्पे आपण पाहिले. साधन बदलत गेले, तरी टाइमलॅप्स करणाऱ्याचा निर्णय तोच राहिला : पुढे काय घडेल याचा अंदाज घेऊन फोकस एकदाच ठरवायचा आणि मग हात मागे घ्यायचा. लाइव्ह व्ह्यूने तो निर्णय अचूक करण्याची सोय दिली. अंदाज बांधण्याचे काम मात्र अजूनही आपलेच आहे. वाटाण्याच्या हकीकतीने आणखी एक धडा दिला. अनेक ठिकाणी छापलेले विधानसुद्धा साध्या गुणाकाराने तपासता येते, आणि तपासावे.

स्वाध्याय

1. दर 10 मिनिटांनी एक फ्रेम याप्रमाणे सलग तीन दिवस चित्रण केले आणि सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने दाखवले, तर लघुपट किती सेकंदांचा होईल?
2. दुधी काच आणि लाइव्ह व्ह्यू यांतील साम्य व फरक प्रत्येकी दोन मुद्द्यांत लिहा.
3. 'अंकुराची वाढ' लंडनच्या प्रवासापूर्वीची की नंतरची, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणकोणती साधने शोधाल?
4. इमारतीच्या टाइमलॅप्सपेक्षा फुलाच्या टाइमलॅप्समध्ये फोकस अवघड का असतो, ते स्वतःच्या निरीक्षणाच्या आधारे स्पष्ट करा.